खुराड्यातली भांडणं

परसात पाच-दहा कोंबड्या असल्या म्हणजे पोरांना अंडे मिळते आणि घरच्या बाईच्या हाती चार पैसे राहतात. पण कधी बाजारातून चांगली तलंग आणावी, संध्याकाळी खुराड्यात सोडून द्यावी, आणि सकाळी पाहावे तर तिचा तुरा फाटलेला, पाठ सोललेली. एखादी तर मेलेलीच सापडते. पैसेही गेले आणि कोंबडीही गेली. असं का होतं?

कोंबड्यांच्यात मानपान असतो, बरं का! आपल्याकडच्या लग्नात नसेल इतका. पहिली कोंबडी सगळ्यांना टोचते. दुसरी पहिलीला सोडून बाकीच्यांना टोचते. असं करत करत शेवटची. ती बिचारी सगळ्यांची टोच खाते आणि कुणालाच टोचत नाही. नॉर्वे देशात शेल्डेरुप-एबे नावाचे एक विद्वान होऊन गेले. ते लहानपणापासून कोंबड्या न्याहाळत बसत. त्यांनी १९२१ साली हा क्रम लिहून काढला.

हा क्रम एकदा ठरला, की भांडण थांबते. मग थोरलीने नुसती मान वर केली तरी धाकटी बाजूला होते. म्हणून एखाद-दुसरी टोच दिसली तर काठी घेऊन धावू नये. त्यांचं त्यांना मिटवू द्यावं.

नव्या कोंबडीला मात्र या क्रमात जागाच नसते. ती जागा ठरेपर्यंत सगळ्या तिच्यावर तुटून पडतात. तेव्हा नवी आणली की दोन-तीन आठवडे तिला लांब, वेगळी ठेवा. ते मानमोडीसारखा रोग खुराड्यात येऊ नये म्हणून. ती धडधाकट दिसली, की आठवडाभर डालग्याखाली किंवा जाळीआड, पण बाकीच्यांच्या नजरेसमोर ठेवा. मग रात्री अंधारात हळूच दांडीवर नेऊन बसवा. तांबडं फुटायच्या आत उठून लक्ष ठेवा. एकटीपेक्षा दोघी आणाव्यात, म्हणजे मार वाटला जातो. लहान पिल्ले मात्र पुरती वाढल्याशिवाय मोठ्यांच्यात सोडू नका.

दाणे एकाच ठिकाणी टाकू नका. दोन-तीन ठिकाणी टाका, पाणीही दोन ठिकाणी ठेवा. नाहीतर थोरली वाटीपाशी ठाण मांडते आणि शेवटची उपाशी राहते. उपाशी कोंबडी अंडे कुठून देणार? दांडीवर प्रत्येकीला वीतभर जागा हवी. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरे. लहान खुराड्यात दोन ठेवले तर ते एकमेकांचे रक्त काढतात.

रक्त दिसले की मात्र वेळ घालवू नका. लाल दिसले की बाकीच्या तिथेच टोचत राहतात, आणि हे वेड सगळ्या खुराड्याला लागते. जखमी कोंबडी लगेच बाजूला काढा. जखम धुऊन हळद लावा. खपली धरून पिसे फुटू लागली की परत सोडा.

शांत असलेल्या कोंबड्या अचानक पिसे उपटू लागल्या, तर दोष बहुधा आपला असतो. जागा कोंदट असेल, अंगावर उवा असतील, किंवा नुसत्या कण्या-कोंड्यावर त्यांचे भागत नसेल. शेंगदाण्याची पेंड, सुकटीचा चुरा थोडा थोडा द्यावा. कोपऱ्यात राख-माती टाकावी, त्यात त्या लोळतात. मेथी-पालकाची जुडी हातभर उंच टांगावी. चोचीला काम मिळते. कुणी चोच कापायला सांगतात. आम्हाला ते पटत नाही. चोच म्हणजे कोंबडीचा हात.

एवढं करूनही एकच कोंबडी सगळ्यांना छळत असेल, तर मार खाणारीला नव्हे, त्या छळणारीलाच चार-पाच दिवस डालग्याखाली ठेवा. ती परत येते तोवर तिची जागा दुसरीने घेतलेली असते.