वैमानिक व्हायचे आहे? मग अकरावीत गणित सोडू नका

दहावीचा निकाल लागला की राहुरीतल्या घरांत रात्रीच्या जेवणाला एकच विषय असतो. मुलाला किंवा मुलीला आता काय करायचे? अम्मीला वाटते, बायोलॉजी घ्यावी, नीट द्यावी, नाहीच जमले तर नर्सिंग किंवा फार्मसी आहे. अब्बा म्हणतात, महात्मा फुले कृषी विद्यापीठ दारात आहे, बी.एस्सी. ॲग्री करावे, स्पर्धा परीक्षा द्याव्यात. दोघांच्याही बोलण्यात मुलाच्या भल्याचाच विचार असतो. पण एखादे लेकरू हळूच म्हणते, “मला हवाई दलात विमान चालवायचे आहे,” आणि घर गप्प होते. नको म्हणून नव्हे, तर रस्ता कोणालाच माहीत नसतो म्हणून.

मग पहिला प्रश्न येतो तो पदवीचा. पायलट व्हायचे तर कॉलेजात कोणता विषय घ्यायचा? इंजिनिअरिंगच लागते का? बी.एस्सी. एव्हिएशन नावाचा कोर्स निघाला आहे म्हणतात, तो करावा का? आमचे उत्तर थोडक्यात असे की, पदवी जवळपास कोणतीही चालते. पण अकरावीत गणित सोडले की हा दरवाजा बंद होतो. खरा निर्णय कॉलेजच्या दोन वर्षे आधी, अकरावीचा फॉर्म भरतानाच होऊन जातो आणि बहुतेक घरांत तो नकळत होतो.

हवाई दलाच्या फ्लाइंग ब्रांचमध्ये जाण्याचे दोन मुख्य मार्ग पाहू.

पहिला मार्ग बारावीनंतरचा, म्हणजे एनडीए. पुण्याजवळच्या खडकवासल्याची ही प्रबोधिनी राहुरीहून काही तासांवर आहे. यूपीएससी तिची परीक्षा वर्षातून दोनदा घेते. वय साडेसोळा ते साडेएकोणीस. बारावीत शिकत असतानाही परीक्षा देता येते; हवाई दलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे विषय लागतात. लेखी परीक्षा ९०० गुणांची, त्यात ३०० गुण निव्वळ गणिताचे. पुढे एसएसबीची मुलाखत पुन्हा ९०० गुणांची. एनडीएत तीन वर्षे शिक्षण होते आणि पदवी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची मिळते. शिक्षणाचा खर्च सरकार करते. त्यानंतर उड्डाणाचे शिक्षण हैदराबादजवळ दुंडिगलच्या एअर फोर्स अकादमीत सुरू होते. लढाऊ विमानांसाठी निवडले गेलेले पुढे बिदरला हॉक विमानावर शिकतात.

दुसरा मार्ग पदवीनंतरचा, एएफकॅट. ही परीक्षाही वर्षातून दोनदा होते. फ्लाइंगसाठी वय २० ते २४. पदवी कोणत्याही शाखेची, पण किमान ६० टक्के गुणांची; आणि बारावीला गणित व भौतिकशास्त्र या दोन्ही विषयांत किमान ५० टक्के. शेवटच्या वर्षाला असलेल्या विद्यार्थ्यालाही अर्ज करता येतो.

आता राहुरीचा हिशेब मांडू. कृषी पदवीला प्रवेश घेण्यासाठी सीईटी मॅथ्स ग्रुपने दिली तरी चालते आणि बायोलॉजी ग्रुपने दिली तरी चालते. त्यामुळे शेतीकडे जायचे आहे म्हणून अनेक मुले बायोलॉजी घेतात आणि गणित सोडून देतात. दोन मैत्रिणी एकाच वर्गात बसून बी.एस्सी. ॲग्री करतात, दोघींना ७० टक्के मिळतात. एकीने बारावीला गणित घेतलेले असते, तिला एएफकॅटचा फॉर्म भरता येतो. दुसरीला येत नाही. पदवी तीच, कॉलेज तेच, फरक फक्त अकरावीच्या फॉर्मवरच्या एका विषयाचा.

म्हणून ज्या घरात अजून काही ठरलेले नाही, तिथे आम्ही सांगू की, झेपत असेल तर गणित आणि बायोलॉजी दोन्ही घ्या. अभ्यास वाढेल, हे खरे. पण पंधरा वर्षांच्या मुलावर आयुष्याचा निर्णय लादण्यापेक्षा दोन वर्षे जास्त अभ्यास परवडतो.

मग पदवी कोणती निवडायची? भारतीय हवाई दलाच्या पहिल्या तीन महिला फायटर पायलट जून २०१६ मध्ये कमिशन झाल्या. त्यांपैकी अवनी चतुर्वेदी कॉम्प्युटर सायन्सच्या, भावना कांत मेडिकल इलेक्ट्रॉनिक्सच्या, तर मोहना सिंह इलेक्ट्रॉनिक्सच्या पदवीधर. २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेलेले ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला यांनी एनडीएत कॉम्प्युटर सायन्स घेतले होते. यांच्यापैकी कोणाच्याही पदवीवर ‘विमान’ हा शब्द नव्हता. विमान चालवायला हवाई दल स्वतः शिकवते.

तरीही पदवी बेफिकीरपणे निवडू नये. आमच्या मते चार गोष्टी पाहाव्यात. एक, त्या विषयात ६० टक्के सहज मिळतील का? नाव मोठे म्हणून अवघड शाखा घेतली आणि दर सेमिस्टरला एटीकेटी लागत गेली, तर साठचा आकडा हुकतो. दोन, पदवी एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी हातात येईल का? वय चोविसाच्या आत बसले पाहिजे; एक वर्ष वाया गेले की दोन परीक्षा हातच्या जातात. तीन, कॉलेजात एनसीसी आहे का? एअर विंगचे ‘सी’ प्रमाणपत्र असलेल्यांना लेखी परीक्षेशिवाय थेट एसएसबीची स्वतंत्र एन्ट्री आहे. चार, आणि ही सर्वांत महत्त्वाची: हवाई दलात निवड झालीच नाही, तर या पदवीवर इज्जतीने घर चालेल का?

चौथा प्रश्न टाळून चालत नाही. लेखी परीक्षेनंतर पाच दिवसांची एसएसबी असते. मग वैमानिकासाठी सीपीएसएस नावाची वेगळी मशीनवरची चाचणी असते, ती आयुष्यात एकदाच देता येते. तिथे नापास झाला तर हवाई दलाच्या दुसऱ्या शाखेत जाता येते, पण फ्लाइंगमध्ये नाही. त्यापुढे मेडिकल. फ्लाइंगसाठी उंची किमान १६२.५ सेंटिमीटर लागते, रंग अचूक ओळखता यावे लागतात. रंगांधळेपणा अनेकांना स्वतःलाही ठाऊक नसतो. नववी-दहावीतच डोळ्यांच्या डॉक्टरांकडून ही तपासणी करून घेतली, तर पुढची वर्षे चुकीच्या आशेवर जात नाहीत. शिवाय एएफकॅटमधून फ्लाइंगला मिळणारे शॉर्ट सर्व्हिस कमिशन १४ वर्षांचे असते. म्हणजे चाळिशीच्या आत माणूस पुन्हा घरी येतो आणि तेव्हा ती जुनी पदवी पुन्हा कामाला येते. ॲग्री इंजिनिअरिंग, कॉम्प्युटर, भौतिकशास्त्र, काहीही असो, मुलाला खरोखर आवडणारी आणि पोट भरणारी पदवी निवडावी.

पैशांबद्दलही स्पष्ट बोलू. ‘एव्हिएशन’ नावाच्या पदवीसाठी किंवा खासगी फ्लाइंग स्कूलसाठी शेत गहाण ठेवण्याच्या गोष्टी कानावर येतात. खासगी विमान कंपनीत जायचे असेल तर तो वेगळा रस्ता आहे आणि महागडा आहे. हवाई दलासाठी त्याची गरज नाही. इथे प्रशिक्षणाची फी नसते. उलट अखेरच्या वर्षाच्या प्रशिक्षणात कॅडेटला दरमहा ५६,१०० रुपये विद्यावेतन मिळते.

भाषेची तयारी मात्र लवकर सुरू करावी. एनडीएचा पेपर हिंदी-इंग्रजीत असतो, त्यात इंग्रजीचे वेगळे गुण असतात. एएफकॅटचा पेपर तर इंग्रजीतच. मराठी किंवा उर्दू माध्यमातल्या मुलांनी आठवीपासून रोज एक पान इंग्रजी मोठ्याने वाचले तरी खूप फरक पडतो. दहावीनंतर राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थाही आहे: मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरला, १९७७ पासून, आणि आता मुलींसाठी नाशिकला. तिच्या प्रवेशाची चौकशी दहावीतच करावी लागते.

मुलींच्या घरच्यांसाठी दोन शब्द. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर एनडीएचे दार मुलींना उघडले आणि मे २०२५ मध्ये तिथून पहिल्या १७ मुली बाहेर पडल्या. २०२२ च्या डिसेंबरात उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूर जिल्ह्यातील सानिया मिर्झा या मुलीची एनडीएच्या फ्लाइंगसाठी निवड झाल्याची बातमी आपण सर्वांनी वाचली. हिंदी माध्यमात शिकलेली, टीव्ही दुरुस्त करणाऱ्या बापाची लेक. ती लगेच फायटर पायलट झाली असे अनेकांनी लिहून टाकले, ते घाईचे होते. निवड म्हणजे लांबच्या प्रशिक्षणाचा फक्त पहिला दिवस. पण निवड झाली, हे खरे. आपल्याकडे अडचण कुठे येते? एएफकॅटच्या नियमानुसार २५ वर्षांखालील उमेदवार अविवाहित असावा लागतो आणि प्रशिक्षण चालू असताना लग्न करता येत नाही. मुलगी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असताना निकाहाची तारीख ठरली, तर तिच्या ६० टक्क्यांचा काही उपयोग राहत नाही. हे आधी बसून बोलावे, तिच्याशी आणि होणाऱ्या सासरशीही.

मुलांच्या घरीही एक गोष्ट आधीच कळलेली बरी. हवाई दलात मुस्लिम अधिकाऱ्याला धर्माच्या कारणाने दाढी ठेवता येत नाही. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा नियम कायम ठेवला. ज्याला हे मान्य नसेल, त्याने हे आज समजून घ्यावे, एसएसबीच्या दारात नव्हे.

“आपल्यातला कोण पोचलाय तिथे?” असे विचारणारे बुजुर्ग प्रत्येक मोहल्ल्यात असतात. त्यांना एअर चीफ मार्शल इद्रिस हसन लतीफ यांचे नाव सांगावे. हैदराबादच्या निजाम कॉलेजात शिकलेला हा तरुण १९४२ साली हवाई दलात आला. फाळणीच्या वेळी सोबतच्या काही अधिकाऱ्यांनी पाकिस्तानात येण्याचा आग्रह केला, तरी भारतातच राहिला. १९७८ ते १९८१ ते भारतीय हवाई दलाचे प्रमुख होते आणि १९८२ पासून तीन वर्षे आपल्याच महाराष्ट्राचे राज्यपाल.

तेव्हा अकरावीचा ऑनलाइन फॉर्म भरायला बसाल, तेव्हा विषयांच्या यादीपाशी थोडे थांबा. लेकराला विचारा, “बेटा, आभाळाकडे बघतोस का कधी?” उत्तर हो असेल, तर गणितावर खूण करा. डोळ्यांची तपासणी त्याच आठवड्यात करून घ्या. पदवीचे दोन वर्षांनी ठरवता येईल, इन्शाअल्लाह.