अंबाडीचा चहा

तांबड्या अंबाडीच्या (लॅ. हिबिस्कस सॅबडॅरिफा, कुल – माल्व्हेसी) फुलांचा मांसल संवर्त (पुष्पकोश) वाळवून व तो पाण्यात भिजवून किंवा उकळून केलेले गर्द तांबडे, आंबट पेय. चहाच्या झुडपाचे पान त्यात नसते व कॅफीनही नसते. ‘चहा’ हे नाव केवळ करण्याच्या पद्धतीवरून पडले आहे. व्यापारात ते ‘हिबिस्कस चहा’ म्हणून ओळखले जाते. हिबिस्कस हे जास्वंदीच्याही प्रजातीचे नाव असल्यामुळे हा चहा पूजेतील जास्वंदीच्या पाकळ्यांचा असतो, असा समज आढळतो. तथापि या पेयाच्या गुणांविषयी झालेले बहुतेक संशोधन तांबड्या अंबाडीवरील असून ते जास्वंदीला लागू करता येत नाही.

ही वर्षायू वनस्पती सु. १·५–२·५ मी. उंच वाढते. खोड बहुधा तांबूस असून पाने एकाआड एक, खालची साधी व वरची ३–५ खंडांची असतात. फुले फिकट पिवळी, मध्यभागी गर्द तांबडी असून एका दिवसातच कोमेजतात. त्यानंतर पाच संदलांचा संवर्त व त्याखालील अपिसंवर्त मांसल व तांबडे होऊन बोंडास वेढतात. चहासाठी हाच भाग वापरतात. दिवस लहान होऊ लागले म्हणजे ही वनस्पती फुलते. संवर्त कोवळे असतानाच बोंडे तोडून आतील बीजकोश काढून टाकतात व संवर्त उन्हात किंवा सावलीत वाळवितात. सु. १० किग्रॅ. ताज्या संवर्तांपासून १ किग्रॅ. सुका माल मिळतो. या जातीचा ‘अल्टिसिमा’ हा उंच वाढणारा प्रकार वाखासाठी लावतात. त्याचे संवर्त खाण्याजोगे नसतात.

या वनस्पतीचे मूलस्थान बहुधा आफ्रिका असून चहाची जुनी परंपराही तिकडचीच आहे. ईजिप्त व सूदान येथे ‘कर्कदे’ गरम किंवा थंड करून पाहुण्यांस देतात. सेनेगलमध्ये ‘बिसाप’ व नायजेरियात ‘झोबो’ ही त्याची नावे आहेत. आफ्रिकेतून ही वनस्पती अमेरिका खंडात गेली. जमेकात हिचा हंगाम नाताळाच्या सुमारास येत असल्याने आले घातलेले ‘सॉरेल’ हे पेय त्या सणाचा भाग बनले. मेक्सिकोत ‘आग्वा दे हामायका’ रोजच्या जेवणाबरोबर घेतात. महाराष्ट्रात अंबाडीच्या पानांची भाजी सर्वपरिचित आहे. बोंडांची चटणी व सरबत विशेषतः विदर्भात करतात.

संवर्तात सायट्रिक, मॅलिक व हिबिस्कस ही अम्ले, क जीवनसत्त्व, पेक्टिन आणि अँथोसायनिने ही रंगद्रव्ये असतात. आंबटपणा अम्लांमुळे व रंग डेल्फिनिडीन आणि सायनिडीन यांच्या ग्लायकोसाइडांमुळे येतो. अँथोसायनिने ऑक्सिडीभवनास विरोध करतात. रक्तवाहिन्या सैल होणे व लघवीचे प्रमाण वाढणे, हे परिणाम प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहेत.

लोकवैद्यकात हे पेय उष्मा, अपचन, बद्धकोष्ठता इत्यादींवर देतात. आधुनिक चाचण्यांत सर्वाधिक लक्ष रक्तदाबाकडे गेले. अमेरिकेत झालेल्या व २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत किंचित वाढलेला रक्तदाब असणाऱ्या, पण त्यासाठी औषध न घेणाऱ्या ६५ प्रौढांना सहा आठवडे रोज तीन वेळा प्रत्येकी २४० मिलि. चहा किंवा तसेच दिसणारे दुसरे पेय देण्यात आले. आकुंचनकालीन (वरचा) रक्तदाब चहा घेणाऱ्यांत सरासरी ७·२ मिमी. (पाऱ्याचा स्तंभ) व इतरांत १·३ मिमी. कमी झाला, खालच्या रक्तदाबात मात्र निर्णायक फरक आढळला नाही. पाच चाचण्यांच्या २०१५ मधील एकत्रित विश्लेषणातही वरचा रक्तदाब कमी होतो, असा निष्कर्ष निघाला. उलट, अधिक कडक निकष लावणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२१ मधील आढाव्यात उपलब्ध पुरावा अपुरा ठरविण्यात आला. रक्तातील कोलेस्टेरॉलाबाबतचे निष्कर्षही एकसारखे नाहीत. सारांश, रक्तदाब किंचित वाढलेल्या व्यक्तीस योग्य आहाराच्या जोडीने हा चहा उपकारक ठरू शकेल. परंतु तो औषधाची जागा घेऊ शकत नाही, आणि त्याच्या भरवशावर चालू औषध बंद करणे धोक्याचे आहे.

चहासाठी एका पेल्यास सु. १·२५ ग्रॅ. सुके संवर्त उकळत्या पाण्यात काही मिनिटे झाकून ठेवून गाळतात. थंड पेयासाठी ते रात्रभर भिजवितात. पेय अम्लधर्मी असल्याने काचेचे, चिनी मातीचे किंवा स्टेनलेस पोलादाचे भांडे वापरावे. ॲल्युमिनियमाचे व कल्हई नसलेले पितळी भांडे टाळावे. पारंपरिक पेयात भरपूर साखर घालतात. मधुमेही व्यक्तींनी ती वर्ज्य करणे इष्ट. अम्लामुळे दातांच्या एनॅमलाची झीज होऊ शकते. सूदानमध्ये झालेल्या एका अभ्यासात कर्कदेबरोबर घेतलेले क्लोरोक्वीन हे हिवतापावरील औषध शरीरात कमी प्रमाणात शोषले गेल्याचे आढळले. म्हणून कोणतेही औषध, विशेषतः रक्तदाबावरील, चालू असणाऱ्यांनी वैद्याचा सल्ला घ्यावा. गरोदरपणी हा चहा टाळणे श्रेयस्कर असते.

संवर्तांपासून मुरंबा, जेली व खाद्यपदार्थांसाठी तांबडा रंगही तयार करतात.