राणीने शिवून घेतलेला झगा

हवाईच्या बायकांच्या पोशाखाची एक ठरलेली गोष्ट सांगितली जाते. अमेरिकेहून मिशनरी आले, त्यांना उघडी अंगं पाहवेनात, आणि त्यांनी तिथल्या बायकांना गळ्यापासून घोट्यापर्यंत झाकून टाकलं. पुढे तसं दडपण आलंही. पण पहिला झगा शिवला गेला तो राणीच्या हुकमावरून.

१८२०च्या एप्रिलमध्ये 'थॅडियस' हे जहाज हवाईच्या किनाऱ्याने चाललं होतं. बॉस्टनहून निघालेल्या मिशनऱ्यांच्या सात बायका त्यावर होत्या. राजे कामेहामेहा नुकतेच वारलेले. त्यांची विधवा राणी कालाकुआ पांढरं तलम कापड घेऊन जहाजावर आली आणि तुमच्यासारखा झगा मला शिवून द्या म्हणाली. डेकवर चटया अंथरून सगळ्याजणी शिवायला बसल्या. त्या वर्षीच्या न्यू इंग्लंडच्या फॅशनप्रमाणे कंबर छातीखाली आणि बाह्या घट्ट. राणी मात्र चांगली उंचनिंच, भरदार बांध्याची. तिथे कंबर बसवायची कुठे? मग छातीवर योक (खांद्यापासून छातीपर्यंतचा सपाट तुकडा) घेतला आणि त्याखाली घेर मोकळा सोडून दिला. हा झाला होलोकू. त्याच्या आत घालायचा साधा, योक नसलेला, आखूड बाह्यांचा झगा म्हणजे मूमू.

बायका मूमू घालून झोपत, पोहतसुद्धा. बाहेर जाताना वर होलोकू चढवायचा. विसाव्या शतकात मूमू एकटाच उंबरठा ओलांडू लागला. आपल्याकडे रात्रीचा गाऊन खांद्यावर ओढणी टाकून भाजीवाल्यापर्यंत पोचला, अगदी तसाच. उकाड्यात अंगाला न चिकटणाऱ्या कपड्याला फार दिवस घरात डांबता येत नाही, असं माझं मत आहे.

आता छापाकडे वळू, कारण खरी गंमत तिथे आहे. हवाईचं मूळ कापड म्हणजे कापा. कागदी तुतीची साल कुटून ते करत आणि बांबूच्या पट्टीवर नक्षी कोरून तिचे ठसे त्यावर उमटवत. बाहेरून सुती कापड येऊ लागलं तशी ही कला मागे पडली. आज आपण ज्याला 'हवाईयन प्रिंट' म्हणतो, तो १९३०च्या दशकातला. होनोलुलूचे जपानी शिंपी किमोनोच्या कापडाचे शर्ट शिवत होते, आणि एलरी चुन या चिनी वंशाच्या दुकानदाराने 'अलोहा शर्ट' हे नाव बाजारात रुजवलं.

याच गावात सिंधमधल्या हैदराबादेहून आलेले गोबिंदराम वाटुमल 'ईस्ट इंडिया स्टोअर' चालवत. १९३६मध्ये त्यांनी आपली मेहुणी, चित्रकार एल्सी दास, हिच्याकडून हवाईच्या फुलांची डिझाइनं काढून घेतली आणि ती कच्च्या रेशमावर ठशांनी छापायला जपानला पाठवली. सिंधी व्यापारी, अमेरिकन चित्रकर्ती, जपानी छपाई, आणि माल हवाईचा!

कापडावरची फुलं-फळंही बहुतेक पाहुणीच. देवचाफा अमेरिका खंडातला, हवाईत पोचला १८६०मध्ये. अननस दक्षिण अमेरिकेचा, अँथुरियमही तिकडचंच. नीरफणस मात्र जुना रहिवासी. पॉलिनेशियन लोकांनी तो होड्यांतून आणला. त्याची कातरलेली पानं जुन्या छापांत दिसली की कोकणातल्या माणसाला चटकन ओळख पटेल.

या छापाला घरचं केलं ते आल्फ्रेड शाहीन यांनी. लेबनीज वंशाचं, कापडधंद्यातलं घराणं. स्वतः दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमान चालवलेलं. १९४८मध्ये होनोलुलूत त्यांनी कारखाना काढला. बाहेरून येणाऱ्या कापडावर विसंबायचं नाही, म्हणून स्क्रीन प्रिंटिंगची व्यवस्था स्वतः उभी केली. छपाई आणि शिलाई एकाच मालकाच्या हातात आली, की झगा डोळ्यापुढे ठेवून छापता येतं: घेराच्या काठाशी दाट पानं, मग विरळ होत जाणारे देठ, आणि छातीपाशी एखादंच फूल. थानातून कसाही कापलेला झगा इथे लगेच उघडा पडतो. हवाई अमेरिकेचं राज्य झालं त्या १९५९ साली शाहीन यांच्याकडे ४०० माणसं कामाला होती. १९६१च्या 'ब्लू हवाई' या अल्बमच्या वेष्टनावर एल्विस प्रेस्लीच्या अंगात जो लाल शर्ट आहे, तोही त्यांचाच.

पर्यटकांमुळे मूमूची थट्टाही पुष्कळ झाली. जाड बाईने अंग लपवायचा तंबू, अशी. हवाईत मात्र हुला नृत्याच्या वर्गात, चर्चमध्ये, लग्नात तो मानाने मिरवतो.

परदेशातल्या जुन्या कपड्यांच्या दुकानात असा झगा हाती लागलाच, तर आधी शिवण पाहा. पुढच्या शिवणीवर फुलाचे दोन अर्धे नीट जुळले असतील, तर शिवणाऱ्याने कापडाची कंजुषी केलेली नाही. चेन धातूची असली तर तो बहुधा साठच्या दशकातला किंवा त्याआधीचा. आणि कापड रेयॉनचं असेल तर धुताना पिळू नका. ओलं रेयॉन कमजोर होतं; टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि सावलीत आडवं पसरून वाळवा.