शेजाऱ्यांना विचारा, अवयव सापडतील!

५०६२९ या संख्येचे अवयव पाडून दाखवा बरं! २ ने भाग जात नाही. ३, ५, ७, ११, १३... कुणालाच ती दाद देत नाही. ही मूळ संख्याच असणार, असं वाटतं ना?

आता तिचं गुपित ऐका. १५ × १५ × १५ × १५ करून त्यात ४ मिळवले, की ५०६२९ तयार होतात. मग १५ च्या दोन शेजाऱ्यांना हाक मारा, १४ आणि १६ ला. दोघांचे वर्ग करा आणि प्रत्येकात १ मिळवा. १९६ + १ = १९७ आणि २५६ + १ = २५७. करा गुणाकार: १९७ × २५७ = ५०६२९!

योगायोग वाटतो? मग ७ घ्या. ७ चा चौथा घात २४०१, अधिक ४ म्हणजे २४०५. शेजारी ६ आणि ८, म्हणून अवयव ३७ आणि ६५. १० घेतले तर १०००४ = ८२ × १२२. गंमत कुठेच चुकत नाही!

असं का होतं? संख्येला क्ष म्हणू. आपली राशी झाली क्ष⁴ + ४. दोन वर्गांची वजाबाकी असती, तर अवयव चुटकीसरशी पडले असते. इथे तर बेरीज आहे! मग एक युक्ती करू. ४क्ष² मिळवू आणि लगेच वजाही करू. किंमत तीच राहते, रूप मात्र बदलतं:

क्ष⁴ + ४क्ष² + ४ − ४क्ष²
= (क्ष² + २)² − (२क्ष)²
= (क्ष² − २क्ष + २)(क्ष² + २क्ष + २)

आली की नाही वर्गांची वजाबाकी? आता पहिला कंस नीट बघा. तो आहे (क्ष − १)² + १. दुसरा (क्ष + १)² + १. हेच ते दोन शेजारी!

या सूत्राला सोफी जर्मेन यांचं नाव दिलेलं आहे. त्यांचा जन्म १७७६ साली पॅरिसमध्ये झाला. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत ही तेरा वर्षांची मुलगी वडिलांच्या पुस्तकांतून गणित शिकू लागली. पुढे पॅरिसमध्ये मोठं तंत्रशिक्षण विद्यालय निघालं, पण तिथे मुलींना प्रवेश नव्हता. सोफीने व्याख्यानांच्या टिपणांवरून अभ्यास केला आणि 'ल ब्लां' या पुरुषी नावाने आपलं काम पाठवलं. ते वाचून लाग्रांज हे थोर गणिती थक्क झाले!

आता या सूत्राची ताकद बघा. १ घेतला, तर उत्तर येतं ५, ही मूळ संख्या. पण २ पासून पुढे कितीही मोठी संख्या घ्या, अगदी कोट्यवधींची. दोन्ही अवयव १ पेक्षा मोठेच असतात, म्हणून उत्तर मूळ संख्या कधीच नसतं. अनंत संख्यांचा निकाल एका ओळीत! एकेक तपासत बसलो असतो, तर जन्म पुरला नसता.

आता तुमची पाळी. क्ष⁴ + ६४ चे अवयव पाडा. काय मिळवायचं आणि काय वजा करायचं, ते तुम्हीच शोधा!