नवी औषधं, मर्यादित तिजोरी आणि न दिसणारा रुग्ण

मागच्या व्याख्यानात आपण वाटपाच्या न्यायाचा विचार केला. आज तोच प्रश्न रुग्णाच्या खाटेपाशी नेऊन पाहू. एक नवं औषध आलं आहे. गुण येईल अशी चिन्हं आहेत, पण खात्री नाही. किंमत प्रचंड आहे. आणि रुग्णाकडे वेळ नाही. सरकारनं ते द्यावं का?

ऐकताक्षणी मन म्हणतं, अर्थातच द्यावं. आमचंही म्हणतं. पण तत्त्वज्ञानाच्या माणसाला ‘अर्थातच’ या शब्दापाशी थांबायची खोड असते. थोडं थांबू या.

उदाहरण इंग्लंडचं घेऊ, कारण तिथे हा प्रयोग उघडपणे झाला आणि फसलाही. तिथली आरोग्यसेवा करांतून चालते. कोणतं औषध त्या पैशातून द्यावं हे ठरवायला १९९९ मध्ये ‘नाइस’ ही संस्था स्थापन झाली. तिचं माप असं. पूर्ण निरोगी एक वर्ष म्हणजे एक एकक. निम्म्या प्रतीची दोन वर्षं म्हणजेही एकच. याला ‘क्वाली’ म्हणतात. समजा, एका औषधाला ३० हजार पौंड जादा लागतात आणि त्यानं सहा महिने आयुष्य वाढतं, तेही ०.८ प्रतीचं. म्हणजे पदरात पडलं ०.४. भागाकार केला की एका एककाला ७५ हजार पौंड. नाइसची नेहमीची मर्यादा बराच काळ २० ते ३० हजारांची होती. मग उत्तर काय येणार? ‘नाही.’

आता हे ‘नाही’ तोंडावर ऐकणं फार कठीण असतं. कर्करोगाच्या औषधांबाबत ते वारंवार ऐकावं लागलं, वर्तमानपत्रांत रुग्णांचे फोटो आले, आणि २०११ मध्ये सरकारनं फक्त कर्करोगाच्या औषधांसाठी वेगळा निधी काढला. वर्षाला २० कोटी पौंड. नाइसनं नाकारलेली किंवा अजून न तपासलेली औषधंही त्यातून मिळू लागली. लोकांना बरं वाटलं. दुसऱ्याच्या दुःखावर उपाय झाला की कुणालाही बरं वाटणारच.

पुढे काय झालं? २०१६ पर्यंत सुमारे १२७ कोटी पौंड खर्च झाले. २०१७ मध्ये ‘ॲनल्स ऑफ ऑन्कॉलॉजी’ या नियतकालिकात त्याचा हिशेब आला. निधीच्या यादीतल्या ४७ उपयोगांपैकी आयुष्य वाढल्याचा संख्याशास्त्रीय पुरावा फक्त १८ उपयोगांना होता, आणि ती वाढ साधारण तीन महिन्यांची. त्याहून वाईट गोष्ट म्हणजे, औषध घेतलेल्या हजारो रुग्णांचं पुढे काय झालं याची धड नोंदच ठेवली गेली नव्हती. पैसा गेला, तो गेलाच. शिकायची संधीही गेली.

कुणी म्हणेल, तीन महिने काय कमी आहेत? मुलीचं लग्न पाहता येतं. मान्य. आम्ही त्या तीन महिन्यांची थट्टा करणार नाही. पण हा पैसा आकाशातून पडत नाही. तो त्याच आरोग्यसेवेतून येतो. यॉर्क विद्यापीठातल्या अर्थशास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये अंदाज काढला की, तिथली आरोग्यसेवा आपल्या रोजच्या कामातून सुमारे १३ हजार पौंडांत एक क्वाली मिळवते. म्हणजे महाग औषधावर ७५ हजार पौंड खर्चून आपण एक एकक मिळवतो, तेव्हा दुसरीकडे पाचाहून अधिक एककं गमावतो. कुणाची? कुणा म्हातारीच्या मोतीबिंदूची, कुणाच्या मानसिक आजाराची. त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. त्यांचा फोटो छापून येत नाही.

आल्बर्ट जॉन्सन यांनी १९८६ मध्ये या प्रवृत्तीला ‘रूल ऑफ रेस्क्यू’, म्हणजे बचावाचा नियम, असं नाव दिलं. विहिरीत पडलेला माणूस दिसला की आपण खर्च मोजत नाही, दोर टाकतो. ही वृत्ती नसेल तर समाज समाज राहणार नाही. पण विहिरीला कठडा बांधायचे पैसे दोरावरच संपले तर? कठड्यामुळे जो पडलाच नाही, तो कधी आभार मानायला येत नाही.

मग मापच शेवटचं मानायचं का? तेही नाही. जॉन हॅरिस या तत्त्वज्ञानं क्वालीवर जुना आक्षेप घेतला आहे. ज्याच्याकडे आधीच कमी आयुष्य किंवा अपंगत्व आहे, त्याच्या वाट्याला हे माप आणखी कमी देतं. आक्षेप खरा आहे. म्हणूनच नॉर्मन डॅनियल्स आणि जेम्स सेबिन म्हणतात की, सर्वांना पटेल असं एकच तत्त्व सापडत नसेल, तर निदान निर्णयाची रीत न्याय्य ठेवा. कारणं जाहीर करा, ती विषयाला धरून असू द्या, आणि नवा पुरावा आला तर निर्णय बदलण्याची वाट मोकळी ठेवा.

२०१६ मध्ये इंग्लंडनं निधीची फेररचना केली ती बरीचशी याच दिशेनं. आता आशादायक औषध ठरावीक मुदतीसाठी मिळतं, त्या काळात माहिती गोळा होते, आणि मग नाइस पुन्हा निकाल देते. खर्च ठरल्यापेक्षा वर गेला तर भार कंपन्यांवर. निकाल ‘नाही’ आला तर नव्या रुग्णांना औषध बंद, पण ज्यांचं चालू आहे त्यांचं कंपनीनं पुढे चालवायचं. २०२२ मध्ये कर्करोगाबाहेरच्या औषधांसाठीही असाच निधी आला.

आता आपल्याकडे वळू. २०२१ मध्ये भारताचं दुर्मीळ आजार धोरण आलं. मुंबईचं केईएम रुग्णालय त्यातल्या नियुक्त केंद्रांपैकी एक. मदतीची मर्यादा २०२२ मध्ये ५० लाखांपर्यंत नेली. रक्कम मोठी वाटते ना? पण काही औषधं जन्मभर घ्यावी लागतात. पैसे संपले की पुढे काय, याचं उत्तर आई-बापांनी शोधायचं. मग मोबाइलवर बाळाचा फोटो फिरतो, लोक वर्गणी देतात. देणाऱ्यांना आमचा नमस्कार. पण ज्या बाळाचा फोटो फिरला नाही, त्याचं काय? आदिवासी पाड्यावर ज्याच्या आजाराला अजून नावही मिळालं नाही, त्याचं काय?

म्हणून आमचं म्हणणं एवढंच. आशेला पैसा जरूर द्यावा, पण मुदत घालून, नोंद ठेवून आणि कंपनीला जोखमीत वाटेकरी करून. आणि ‘नाही’ म्हणायचं झालं तर कारण सांगून म्हणावं, जे रुग्णाच्या मुलासमोर उभं राहून वाचता येईल. ते त्याला पटेलच असं नाही. पण आपल्या वडिलांना कुणी विसरलं नव्हतं, त्यांचा विचार झाला होता, एवढं तरी त्याला कळलं पाहिजे.

इथे थांबू. आता प्रश्न विचारा, विशेषतः ज्यांना हे पटलं नाही त्यांनी.