रिंग का किंग : 26 भागांचं राज्य

पुण्याजवळ बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलं गेलं. 2008 मध्ये तिथे राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या. डिसेंबर 2011 मध्ये याच संकुलात एक वेगळाच आखाडा लागला. त्याला माती नव्हती आणि मॅटही नव्हती. होतं ते चार कोपऱ्यांत खांब आणि भोवती दोर असलेलं उंच रिंगण. कुस्तीच्या रोजच्या बातम्या वाचणाऱ्या मराठी माणसाच्या ओळखीतलं एकही नाव त्यात उतरणाऱ्यांत नव्हतं. मात्र ज्यांच्या घरी केबलवर रात्री उशिरापर्यंत अमेरिकन कुस्ती चालायची, त्यांना स्कॉट स्टायनर आणि चावो गरेरो पुण्यात आलेत हे ऐकून खरं वाटेना.

हा कार्यक्रम होता 'रिंग का किंग'. अमेरिकेतल्या टीएनए या कुस्ती कंपनीने एंडेमॉल इंडियाला बरोबर घेऊन तो उभा केला आणि कलर्स वाहिनीने दाखवला. 28 जानेवारी 2012 च्या शनिवारी पहिला भाग आला. तिथून दर शनिवार-रविवारी रात्री एकेक करत 22 एप्रिलला सव्विसावा आणि शेवटचा भाग संपला. दुसरा हंगाम आलाच नाही. भारतात बनलेला, भारतासाठी बनलेला, राष्ट्रीय मनोरंजन वाहिनीवर ठरलेल्या वेळी लागणारा एवढा मोठा व्यावसायिक कुस्तीचा कार्यक्रम त्याआधी झाल्याचं मला माहीत नाही. त्याच्याबद्दल मराठीत फारसं लिहिलं गेलेलं नाही, याची मला खंत आहे. तो महाराष्ट्रात घडला होता.

त्याची जागा समजायची तर या धंद्याची रचना पाहावी लागते. व्यावसायिक कुस्तीची कंपनी एका कार्यक्रमावर चालत नाही. तिचा एक मुख्य साप्ताहिक कार्यक्रम असतो. किताबांची भांडणं, मोठी नावं आणि मोठा पैसा तिथे असतो. त्याखाली एक-दोन दुय्यम कार्यक्रम असतात. नवे मल्ल तिथे घडतात, जुने तिथे टिकतात आणि मुख्य कार्यक्रमात ज्यांना जागा मिळत नाही त्यांची जोड तिथे लागते. डब्ल्यूडब्ल्यूईचा मुख्य कार्यक्रम 'रॉ', 11 जानेवारी 1993 पासूनचा. 'संडे नाइट हीट' 1998 ते 2008 चालला, 'व्हेलॉसिटी' 2002 ते 2006, 'सुपरस्टार्स' 2009 ते 2016, आणि 2012 पासून 'मेन इव्हेंट'. टीएनएचा 'इम्पॅक्ट' वरचा आणि 'एक्सप्लोजन' खालचा. आपल्याकडे टेन स्पोर्ट्सवर 'आफ्टरबर्न' आणि 'बॉटम लाइन' लागायचे. त्यांत आठवड्याभरातल्या कुस्त्यांचा गोषवारा असे, आणि मुख्य कार्यक्रमाच्या वेळी अभ्यासाला बसवलेली मुलं तोच पाहून दुसऱ्या दिवशी वर्गात वाद घालायची. दुय्यम कार्यक्रम म्हणजे या धंद्याची तालीम. पडावं कसं, प्रेक्षकाला धरून ठेवावं कसं, हे मल्ल तिथे शिकतो, आणि शिकण्यासाठी त्याला वर्षं लागतात.

डब्ल्यूडब्ल्यूईच्या दुसऱ्या कार्यक्रमाची, 'स्मॅकडाउन'चीच कथा घ्या. 29 एप्रिल 1999 ला तो एकदाच दाखवायचा विशेष भाग म्हणून आला आणि 26 ऑगस्टपासून दर गुरुवारी नियमित झाला. आधी यूपीएन, मग सीडब्ल्यू, मग मायनेटवर्कटीव्ही, मग सायफाय, मग यूएसए नेटवर्क, 2019 च्या ऑक्टोबरात फॉक्स, आणि 2024 च्या सप्टेंबरात पुन्हा यूएसए. वार बदलले, वाहिन्या बदलल्या. बरीच वर्षं तो मंगळवारी चित्रित व्हायचा आणि दोन-तीन दिवसांनी दिसायचा. निकाल आधीच फुटलेले असायचे, त्यामुळे 'रॉ'पुढे त्याचं पारडं नेहमी हलकं मानलं गेलं.

पण भारतीयांना जे मिळालं ते याच दुसऱ्या कार्यक्रमातून. हिमाचलचा दलीपसिंह राणा, म्हणजे द ग्रेट खली, 2006 मध्ये 'स्मॅकडाउन'मध्येच पहिल्यांदा दिसला. 17 जुलै 2007 ला टेक्सासमधल्या लॅरेडो गावी 20 जणांच्या झुंजीत तो शेवटपर्यंत उभा राहिला आणि वर्ल्ड हेवीवेट किताब त्याच्याकडे आला. ते दृश्य जगाने 20 जुलैला पाहिलं. सप्टेंबरात बाटिस्टाने किताब काढून घेतला. दहा वर्षांनी, 21 मे 2017 ला, पंजाबी कुटुंबातला कॅनडाचा जिंदर महाल रँडी ऑर्टनला हरवून डब्ल्यूडब्ल्यूई विजेता झाला तेव्हा तोही 'स्मॅकडाउन'च्याच ताफ्यात होता. मी याला योगायोग मानत नाही. मुख्य कार्यक्रमात जोखीम घ्यायला कंपनी कचरते. दुसऱ्या कार्यक्रमात तिचा हात सैल असतो, आणि दूरच्या बाजारपेठेतला माणूस तिथून वर येतो.

'रिंग का किंग'ही टीएनएसाठी असाच दुसरा कार्यक्रम होता, फरक इतकाच की तो दुसऱ्या देशात होता. टीएनएचे सहसंस्थापक जेफ जॅरेट स्वतः पुण्यात आले आणि खलनायक म्हणून रिंगणात उतरले. त्यांच्या टोळीचं नाव आरडीएक्स. भारतीय वंशाचा अमेरिकन मल्ल सोंजय दत्त आधी प्रेक्षकांचा लाडका होता, पुढे तो त्या टोळीला जाऊन मिळाला. पहिला किताब साडेसहा फुटांहून उंच मॅट मॉर्गनने जिंकला. जोडीचा किताब चावो गरेरो आणि बुलडॉग हार्ट यांच्याकडे गेला. हा हार्ट म्हणजे नव्वदच्या दशकातल्या ब्रिटिश बुलडॉगचा मुलगा, आणि त्या बापाचा पत्ता मल्लांच्या ट्रम्प कार्डांत ज्यांनी जपून ठेवला होता त्यांना त्याची ओळख करून द्यावी लागली नाही. भारतीय बाजूला महाबली वीरा, पठाणी पठ्ठा, डेडली डंडा असे गडी होते. सदिच्छादूत होता हरभजन सिंग. खली आदल्या वर्षी कलर्सच्याच 'बिग बॉस'मध्ये उपविजेता ठरला होता, त्यामुळे वाहिनीला या खेळाच्या प्रेक्षकाचा अंदाज होता.

या कुस्तीला खोटी म्हणून झटकून टाकणाऱ्यांनी ते रिंगण एकदा जवळून पाहावं. पोलादी तुळया, त्यांवर लाकडी फळ्या, फळ्यांवर फोमचा पातळ थर आणि वर ताणून बांधलेलं कॅनव्हास. बाहेरून गादीसारखं दिसतं, पण पाठीवर पडणाऱ्याला फळी कळते. पडताना हनुवटी छातीला लावायची, म्हणजे डोकं आपटत नाही. श्वास सोडायचा. दोन्ही हात पसरून तळव्यांनी जोराने आपटायचे, म्हणजे मार सगळ्या अंगावर वाटला जातो आणि आवाजही मोठा होतो. बऱ्याच कंपन्यांच्या रिंगणात दोर म्हणून रबरी नळीत घातलेली पोलादी तार असते, त्यावर पाठ टाकून परत येताना बरगड्यांवर वळ उठतात. निकाल ठरलेला असतो. पण निकालापर्यंतचा बराचसा रस्ता दोघं मल्ल कानात कुजबुजत तिथल्या तिथे काढतात, आणि किती मिनिटं उरली हे पंच कानातल्या यंत्रातून ऐकून त्यांना सांगतो. ज्याला उचलून आपटायचं त्याची मान सांभाळण्याची जबाबदारी उचलणाऱ्याची असते. इतका विश्वास लागणारा दुसरा खेळ मला माहीत नाही.

आम्हा इंदूरकरांना बळ आणि देखावा यांची सोयरीक नवी नाही. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झाँक्या, म्हणजे फिरते देखावे, निघतात तेव्हा त्यांच्याबरोबर शहरातले आखाडे चालतात. उस्ताद, खलिफा आणि त्यांचे पठ्ठे चौकाचौकांत लाठी, बनेटी, तलवारीचे हात दाखवतात आणि पहाटेपर्यंत लोक दुतर्फा उभे राहून पाहतात. तिथे कोणी कोणाला हरवत नाही. तरी त्या हातांमागची मेहनत कोणी नाकारत नाही. याच शहराचे कृपाशंकर पटेल हे अर्जुन पुरस्कार मिळवलेले मल्ल. 2016 च्या 'दंगल' चित्रपटासाठी आमिर खानला आणि त्यात गीता-बबिता झालेल्या मुलींना त्यांनी कुस्ती शिकवली. पडद्यावर ती कुस्ती खरी वाटली, कारण शिकवणाऱ्याने डाव खरे शिकवले आणि शिकणाऱ्यांनी त्यासाठी महिनोन्‌महिने अंग झिजवलं.

खऱ्या कुस्तीच्या बाजूने पाहिलं तरी गोष्ट वाटते तितकी सरळ नाही. नोव्हेंबर 2017 मध्ये राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा इंदुरात भरली. दोन ऑलिंपिक पदकं मिळवलेला सुशीलकुमार बऱ्याच काळानंतर राष्ट्रीय स्पर्धेत उतरणार, म्हणून शहरात मोठी उत्सुकता होती. पहिल्या दोन फेऱ्या त्याने पाहता पाहता जिंकल्या. त्यानंतर उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम, तिन्ही फेऱ्यांतल्या प्रतिस्पर्ध्यांनी लढायलाच नकार दिला. 74 किलो गटाचं सुवर्ण त्याला असं मिळालं. ज्येष्ठाला मान देण्याची रीत मला प्रिय आहे. पण अंतिम कुस्ती पाहायला आलेल्या माणसाला कुस्ती दिसली नाही. व्यावसायिक कुस्तीच्या रिंगणात हे सहसा घडत नाही. प्रेक्षकाला त्याची झुंज मिळालीच पाहिजे, ही त्या धंद्याची पहिली अट आहे, आणि ती अट मी आदराने पाहतो.

मग 'रिंग का किंग' का टिकला नाही? माझ्या मते त्याला तालमीइतका वेळच दिला गेला नाही. परदेशी मल्ल दहा-पंधरा वर्षं मुरलेले होते. समोरचे बरेच भारतीय गडी नवखे होते, आणि त्यांना शिकण्याची जागा तोच कार्यक्रम होता. सव्वीस भाग थोड्या दिवसांत चित्रित करायचे म्हणजे एका संध्याकाळी अनेक आठवड्यांचा मजकूर उरकायचा. काल लोकांनी कशाला टाळ्या वाजवल्या ते पाहून आज बदल करावा, याला फुरसत नाही. 'स्मॅकडाउन'ला अशी दुरुस्ती करायला दर आठवडा मिळत गेला, वर्षानुवर्षं. दुसरी चूक पात्रांची. एका भारतीय मल्लाला देशाचं ओझं उचलणारा महाबली करून बाकीच्यांना रंगीत नावं वाटली, पण त्यांची गावं, त्यांची घरं, त्यांचे वस्ताद कुठेच दिसले नाहीत. दारासिंग 1968 च्या मे महिन्यात मुंबईत लू थेझशी लढले तेव्हा लोक त्यांना आधीपासून ओळखत होते. गावोगावच्या दंगली आणि चित्रपट या दोन्हींतून ती ओळख मुरली होती. आणि तिसरं म्हणजे, पुण्यात कार्यक्रम करून कोल्हापूर, सांगली, सोलापूरच्या तालमींकडे वळूनही न पाहणं मला आजही समजत नाही. कोल्हापूरच्या खासबागेसारखं कुस्तीचं मैदान असलेल्या राज्यात कुस्तीचा प्रेक्षक तयार बसला होता.

तो प्रेक्षक नंतर दुसऱ्यांनी ओळखला. नोव्हेंबर 2018 मध्ये झी टॉकीजने 'महाराष्ट्र कुस्ती दंगल' भरवली, तीही बालेवाडीतच. मराठी नट-नट्यांनी संघ घेतले, आणि मातीत वाढलेले पैलवान घराघरांत ओळखीचे होऊ लागले. देशपातळीवर 2015 पासून प्रो रेसलिंग लीग होती, 2019 च्या हंगामात तिच्यात एमपी योद्धा नावाने आमच्या राज्याचाही संघ उतरला. या दोन्हींतल्या लढती खऱ्या, निकाल खरे, पण मांडणी, दिवे, प्रवेशाचं संगीत हे सगळं व्यावसायिक कुस्तीच्या रिंगणातून आलेलं. डब्ल्यूडब्ल्यूईनेही हिंदीकडे वळून 'संडे धमाल' सुरू केला. प्रजासत्ताक दिनी 2021 ला भारतीय मल्लांना पुढे करणारा एक विशेष कार्यक्रम केला. एप्रिल 2025 पासून तिचे सगळे कार्यक्रम भारतात नेटफ्लिक्सवर गेले आहेत, म्हणजे पानाच्या ठेल्यावर, सलूनमध्ये, काकांच्या घरी जाता जाता दोन मिनिटं पाहायची सोय संपली. दुय्यम कार्यक्रमाला याचा फटका जास्त बसतो. तो कोणी ठरवून लावत नाही, टीव्ही चालू असतो म्हणून पाहिला जातो.

महाबली वीराचं पुढे काय झालं ते सांगायला हवं. त्याचं खरं नाव अमनप्रीत सिंग, आणि 'रिंग का किंग'चा शेवटचा किताब त्याच्याकडेच राहिला. कार्यक्रम बंद पडला तरी टीएनएने त्याला सोडलं नाही. तो अमेरिकेत शिकायला गेला. 2015 मध्ये टीएनएच्या पडद्यावर तो एका टोळीतला, तोंड रंगवलेला, न बोलणारा 'खोया' होता. पुढे त्या टोळीतून बाहेर पडून 'महाबली शेरा' झाला आणि भांगड्याच्या ठेक्यावर नाचत रिंगणात येऊ लागला. मे 2017 मध्ये त्याच कंपनीचा मुख्य साप्ताहिक कार्यक्रम मुंबईतल्या फेमस स्टुडिओत चित्रित झाला तेव्हा आपल्या लोकांसमोर उतरलेल्या मल्लांत शेराही होता. बालेवाडीत तो पहिल्यांदा उभा राहिला त्याला तेव्हा जेमतेम साडेपाच वर्षं झाली होती, आणि आता त्याला पडायचं कसं हे नीट येत होतं.