दोन वेळचे जेवण आणि मधली चहा-बिस्किटे

रमजान संपला की आमच्या येडशीत घरोघरी एक तक्रार ऐकू येते : “महिनाभर रोजे ठेवले, तरी वजन उलट वाढलेच!” दोष रोज्याचा नाही, दस्तरखानाचा आहे. इफ्तारला भजी, समोसे, सरबत, मग जेवण, तरावीहनंतर पुन्हा काही गोड. दिवसभर थांबलेले तोंड रात्रभर चालते.

लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकवलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचा आहार नेमका इथेच बोट ठेवतो. मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकार यांचा. 2018 मध्ये राज्य सरकारने स्थूलतेविरुद्धच्या मोहिमेसाठी डॉ. दीक्षितांना सदिच्छादूत नेमले.

नियम दोनच. कडक भूक लागते त्या दोन वेळा ओळखा आणि प्रत्येक जेवण 55 मिनिटांत संपवा. मधल्या वेळेत पाणी, पातळ ताक किंवा बिनसाखरेचा काळा चहा चालतो. शिवाय रोज 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचे.

यामागचे म्हणणे असे : खाल्ले की इन्सुलिन स्रवते. ते वाढलेले असेपर्यंत शरीर चरबी साठवते. उतरले की साठा वापरते. म्हणून साखरेचा अर्धा कप चहा आणि दोन बिस्किटेही हिशेबात धरायची. काही आहारतज्ज्ञांना हे पटत नाही. एकूण खाणे घटते म्हणून वजन उतरते, असे ते म्हणतात. कारण कोणतेही माना, मधले चरणे सुटते.

आपल्या घरांत खरी अडचण बायकांची. मुलांच्या ताटातले उरलेले घास आणि प्रत्येक मेहमानाबरोबरचा चहा त्यांच्याच वाट्याला येतो. म्हणून यजमानपण करताना आपणच आग्रह सोडू या.

एक गोष्ट मात्र जिवाची आहे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्या अम्मी-अब्बांचे जेवण डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी करू नका. साखर एकदम उतरली तर माणूस बेशुद्ध पडतो. 18 वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया, अंगावर पाजणाऱ्या माता आणि टाइप-1 मधुमेही यांच्यासाठी हा आहार नाही.

पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला, एक श्वासाला, ही शिकवण आपल्याला हदीसने दिलीच आहे. उद्या फजरनंतर पुन्हा अंथरुणाकडे वळण्याऐवजी रामलिंगच्या रस्त्याला लागू या, इन्शाअल्लाह.